आंबा घाट आणि दम टाकणारी गाडी

रत्नागिरी ते कोल्हापूर हा रस्ता सुमारे १३० किलोमीटरचा. मिऱ्या बंदरापासून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा हा पहिला तुकडा. हातखंब्याला तो मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, थोडं अंतर त्याच्यासोबत जातो आणि पालीहून पुन्हा पूर्वेकडे वळतो. मग नाणीज, दाभोळे, साखरपा, आणि समोर सह्याद्रीची भिंत. आंबा घाट चढून वर गेलं की आंबा गाव, पुढे मलकापूर, बांबवडे आणि कोल्हापूर.

या रस्त्यावरून कोकणातली मासळी, आंबा, काजू वर जातो आणि देशावरची भाजी, गूळ, दूध खाली येतं. माणसंही अशीच येतात-जातात. आपल्या वाचकांपैकी कित्येक घरांची नाती या घाटाच्या दोन्ही बाजूंना आहेत. लेक वर दिलेली, सून खालून आणलेली. जुलै २०२१ च्या पावसात घाटाचा रस्ता खचला आणि अवजड वाहनं कित्येक महिने बंद राहिली, तेव्हा हा एक रस्ता किती संसारांना बांधून आहे ते सगळ्यांनाच कळलं.

आम्ही दोघे भाऊ आणि आमचे मोठे मामू मे महिन्यात याच रस्त्याने हापूसच्या ५० पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालो होतो. गाडी मामूंची, जुनी डिझेल पिकअप. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. ही गाडी त्या दारातून अनेकदा जाऊन आलेली. मामूंनी ती नवी घेतली तेव्हापासून स्टिअरिंगवर तेच. बागेचा सगळा हंगाम तिच्यावर चालतो, आणि घरातल्या लग्नांची भांडी, मय्यतीच्या खुर्च्या, आजारी माणसं, सगळी तिनेच वाहिली आहेत.

पण महिनाभर गाडी चढावर दम टाकत होती. शहरातल्या एका वर्कशॉपने पाच मिनिटं आवाज ऐकून सांगितलं होतं, "वय झालं. रिंगा गेल्या. हाफ इंजिन करा." खर्चाचा अंदाज ४५ हजार. त्यापेक्षा गाडी भंगारात काढावी, असं घरात बोलणं सुरू झालं होतं. मामू त्यावर काही बोलत नसत. मगरिबनंतर अंगणात बसून गाडीकडे पाहत राहत, एवढंच.

दाभोळ्याची चढण

असरनंतर रत्नागिरी सोडली. हातखंबा, पाली व्यवस्थित. रुंदीकरणाच्या कामामुळे जागोजागी रस्ता वळवलेला, लाल धूळ, खडीचे ढीग. नाणीज मागे पडलं. दाभोळ्याची चढण लागली आणि गाडी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात आली. मामूंनी पाय पूर्ण दाबलेला, तरी इंजिनाचा आवाज बारीक होत गेला. शेवटी दोन आचके देऊन ती बंद पडली.

मागच्या चाकांना दगड लावले. टपरीवर चहा घेत बसलेल्या एका ट्रकवाल्याने बॉनेटमध्ये डोकावून तेच सांगितलं, "हेड उतरवावं लागणार." ताडपत्रीखाली पेट्या तापत होत्या. कोंडलेल्या उष्म्याने आंबा घाईने पिकतो आणि सालीवर डाग धरतो. शाहू मार्केट यार्डात सौदे सकाळीच होतात. ती वेळ चुकली की मालाला मिळेल तो दर घ्यायचा.

दहा-पंधरा मिनिटं गेली. मामूंनी सहज सेल्फ मारला. गाडी अर्ध्या सेल्फवर चालू झाली, जणू काही झालंच नव्हतं. उरलेला चढ तिने ओढला आणि पुढे साखरप्यापर्यंत रस्ता सोपा होता, म्हणून आम्ही पोहोचलो.

साखरप्याचे उस्ताद

साखरपा हे घाटाच्या पायथ्याचं गाव. काजळी नदी इकडच्या डोंगरांतून निघते आणि रत्नागिरीजवळ भाट्याला समुद्राला मिळते. घाट चढण्याआधी गाड्या इथे श्वास घेतात. त्यामुळे पंक्चरवाले, बॅटरीवाले, मिस्त्री, जेवणाच्या खानावळी असं सगळं रस्त्याच्या कडेला मांडलेलं. त्यातच एका पत्र्याच्या शेडमध्ये साठीतले एक उस्ताद बसतात. लहानपणी मुंबईत कुर्ल्याच्या गॅरेजात पाना धरायला शिकले आणि मग गावाकडे परतले.

आम्ही घाईघाईने सांगायला लागलो की रिंगा गेल्यात असं दोघांनी सांगितलंय. उस्तादांनी हात वर केला.

"दोघांचं राहू द्या. गाडी कोण चालवतं?"

मामू पुढे झाले.

"भाई, तुम्ही सांगा. इंजिन रेस घेतं आणि गाडी जात नाही, की इंजिनाचाच आवाज बसतो?"

"इंजिनच बसतं."

"म्हणजे क्लच नाही. सकाळी थंडीत चालू व्हायला त्रास?"

"अर्ध्या सेल्फवर लागते."

"ऑइल किती खाते?"

"मागच्या बदलीपासून वरून थेंब टाकलेला नाही."

"दम टाकते तेव्हा धूर कसला?"

मामूंनी थोडा विचार केला. "धूर नसतोच."

उस्तादांनी आमच्याकडे पाहून विचारलं, "आता सांगा, रिंगा कशा जातील?"

मग हात पुसत त्यांनी समजावलं. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते, आणि त्या गरम हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणजे इंजिनाला हव्यात तीन गोष्टी: पुरेशी हवा, पुरेसं डिझेल आणि पुरता दाब. रिंगा झिजल्या की दाब गळतो. मग थंडीत गाडी लवकर चालू होत नाही, ऑइल खाते, निळसर धूर टाकते. या गाडीत त्यातलं एकही लक्षण नव्हतं. खात्री म्हणून त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायची कॅप उघडली. रिंगा गेलेल्या इंजिनात तिथून धुराचे भपकारे येतात. इथे जराशी वाफ होती.

उस्ताद पुढे धुराबद्दल बोलले. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय पण त्याला हवा पुरत नाही: एअर फिल्टर तुंबलेला, हवेचा पाइप फाटलेला किंवा नोझल बिघडलेला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. "आणि गाडी दम टाकते, पण धूरच नाही, याचा अर्थ काय? जळायलाच काही पोहोचत नाही. ही गाडी आजारी नाही, भाई. उपाशी आहे."

मामूंच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी हललं.

वाट शोधणं

मगरिबची वेळ झाली होती. शेडच्या मागे नळ होता. आळीपाळीने वजू करून नमाज पढलो. तोवर इंजिन थोडं निवलं.

गाडी डिझेलला उपाशी आहे हे कळलं, तरी अन्न कुठे अडलंय ते कळायचं होतं. डिझेलचा रस्ता लांबचा असतो: टाकी, टाकीतल्या नळीची जाळी, चेसिसखालून येणारा पाइप, फिल्टर, पंप, नोझल. यातला पंप आणि नोझल खोलणं महागाचं. उस्तादांचा नियम असा की स्वस्त आणि जवळचं आधी बघायचं.

पहिल्यांदा त्यांनी चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेला. ब्रेक धरून राहत असेल तरी गाडी चढावर ओढत नाही, आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. चारही सारखीच होती. एअर फिल्टर काढून झटकला. कोकणची लाल माती निघाली, पण तुंबलेला नव्हता. रेडिएटरचं पाणी टोपी गार झाल्यावर पाहिलं, पातळी नीट होती. मग डिझेल टाकीचं झाकण. झाकणात हवा आत जायला बारीक वाट असते. ती बुजली तर डिझेल संपत जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. असं असेल तेव्हाही गाडी थोडी थांबली की पुन्हा चालते. उस्तादांनी झाकणातून फुंकर मारून पाहिली. वाट मोकळी होती.

मग फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून त्यांनी एका काचेच्या ग्लासात डिझेल घेतलं आणि बल्बसमोर धरलं. तळाशी पाण्याचा एक बारीक थर, त्यावर काळे कण.

"फिल्टर कधी बदलला?"

"मागच्या महिन्यात," मामू म्हणाले.

"महिन्याचा फिल्टर इतका घाण होत नाही. घाण मागून येतेय."

दुसरा कुणी असता तर नवा फिल्टर घालून पैसे घेतले असते. गाडी आठ दिवस चाललीही असती. उस्तादांनी मात्र पाच लिटरचा कॅन आणला, त्यात स्वच्छ डिझेल भरलं, हौद्याच्या पुढच्या कठड्याला उंचावर बांधला आणि पारदर्शक नळीने सरळ फिल्टरला जोडला. पंपाकडून परत येणारी नळीही कॅनमध्येच सोडली. फिल्टर नवा बसवला आणि हँडपंप मारून लाइनमधली हवा काढली. आता गाडीचा तिच्या टाकीशी संबंध उरला नाही. हे जोडकाम सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधून करावं लागतं. जाणत्या मिस्त्रीशिवाय कुणी करू नये.

मामू स्टिअरिंगवर, उस्ताद शेजारी, आम्ही मागे पेट्यांजवळ टॉर्च घेऊन. मुर्शीच्या पुढे घाटाचा चढ सुरू होतो. सगळा माल हौद्यात तसाच. गाडी चढली. पहिलं वळण, दुसरं वळण, तिसरं. नळीत बुडबुडा नाही आणि इंजिनाचा आवाज भरलेला. मामूंनी एका रुंद जागी गाडी वळवली आणि आम्ही खाली आलो.

"पंप चांगला, नोझल चांगले, इंजिन चांगलं," उस्ताद म्हणाले. "चोर टाकीत आहे."

टाकीच्या तळाशी

टाकीचा तळाचा नट काढला. डिझेल फडक्यातून गाळून पिंपात घेतलं. शेवटी शेवटी जे आलं ते डिझेल नव्हतं. पाणी, गंज आणि शेवाळासारखा काळा, बुळबुळीत गाळ. ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी बाहेर काढली, तर तिच्यावर तोच गाळ चिकटलेला.

कोकणात हे फार होतं, असं उस्ताद सांगत होते. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हवा दमट. हंगाम संपला की मालाच्या गाड्या अर्ध्या रिकाम्या टाकीने महिनोन्महिने उभ्या राहतात. टाकीतल्या रिकाम्या जागेत दमट हवा असते. रात्री पत्रा गार झाला की आतून घाम सुटतो आणि पाण्याचे थेंब खाली जातात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा हा गाळ होतो.

"मग थांबल्यावर ती बरी कशी व्हायची?" आम्ही विचारलं.

उस्तादांच्या शेडमध्ये चहा उकळत होता. त्यांनी गाळणीकडे बोट दाखवलं. "चहा ओतता तोवर पत्ती जाळीला चिकटून राहते. उलटी करून झटकली की सुटते. इंजिन ओढत असतं तोवर गाळ जाळीला चिकटतो. सपाटीवर थोडं डिझेल लागतं, तेवढं झिरपतं. चढावर जास्त लागतं, तेव्हा पुरत नाही. इंजिन बंद झालं की ओढ थांबते, गाळ खाली पडतो. पुन्हा चालू केली की जाळी मोकळी. पुन्हा चढ आला की पुन्हा तेच."

टाकी धुतली, जाळी साफ केली, चेसिसखालचा पाइप काँप्रेसरने उलट बाजूने फुंकला. फिल्टर आणि मजुरी मिळून १,१०० रुपये झाले. मामूंनी जास्त द्यायला हात पुढे केला. उस्तादांनी तो परत ढकलला आणि म्हणाले, "परतताना आंबे उरले तर दोन ठेवून जा. आणि भाई, म्हाताऱ्या गाडीला लोक एकच आजार सांगतात, वय. तसं बघायला कमी मेहनत लागते."

मामू हसले. "माणसालाही तेच सांगतात."

रात्रीचा घाट

ईशा साखरप्यातच झाली. मग निघालो. आंबा घाट दिवसा पाहावा, असं सगळे म्हणतात, आणि खरंच आहे. पावसात धबधबे, धुक्यात हरवलेली दरी, कठड्यावर बसलेली माकडं. पण ओझं घेऊन जाणाऱ्यांचा घाट रात्रीचाच असतो. वरून उतरणाऱ्या ट्रकांचे दिवे वळणावळणाने दिसतात आणि लपतात. तापलेल्या ब्रेकचा वास येतो. चढणाऱ्या गाडीला उतरणारा थांबून वाट देतो, कारण चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलणं कठीण. दिव्यांच्या एका उघडझापीत हे सगळं बोलणं होतं.

चक्री वळण आलं तेव्हा आम्ही गप्प होतो. मामूंनी दुसरा गिअर टाकला. गाडी वळली, चढली आणि चढतच राहिली. हेडलाइटमध्ये पुढचं वळण, मग त्याच्याही पुढचं. मामूंनी खिडकीची काच खाली केली आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. वर आलो तेव्हा हवा एकदम गार झाली. कोकणचा घाम अंगावरच वाळला.

आंब्याच्या आसपासच्या जंगलात गवे आहेत. रात्री रस्त्यावर येतात, म्हणून गाडी हळू ठेवली. घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी मलकापुरात चहासोबत खाल्ली. तिथून पुढे रस्ता सैल होतो. दोन्ही बाजूंना उसाची शेतं आणि पाण्याचा ओला वास. रात्री दीडच्या सुमाराला कोल्हापूर. पेट्या उतरल्या, सकाळी सौदा झाला. आंबा टणक होता, दर बरा मिळाला. अल्हमदुलिल्लाह.

मामू त्या दिवशी मार्केट यार्डात गाडीच्या सावलीत दुपारपर्यंत झोपले. गाडी विकण्याचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

घाट चढण्याआधी

आपल्यापैकी पुष्कळ घरांची रोजी अशा जुन्या गाड्यांवर चालते. म्हणून उस्तादांच्या शेडमध्ये ऐकलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवतो.

गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. पावसाळ्यानंतर फिल्टरच्या तळाचं पाणी काढावं. वर्षातून एकदा टाकीचा तळही पाहून घ्यावा.

गाडी बिघडली की मिस्त्रीला आजाराचं नाव सांगू नये, लक्षणं सांगावीत. कधी होतं, थंड असताना की गरम झाल्यावर, रिकामी असताना की भरलेली, धूर कसला, थांबल्यावर बरी होते का, मागच्या महिन्यात काय बदललं. गाडी रोज चालवणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही. म्हणून मिस्त्रीकडे जाताना त्यालाच पुढे करावं.

काटा लाल रेषेकडे गेला तर गाडी थांबवावी. गरम रेडिएटरची टोपी कधीही उघडू नये. दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं.

आणि कुणी इंजिन उघडायला सांगितलं, तर आधी एक प्रश्न विचारावा: "हे कशावरून?" चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. तो हात पुसतो आणि ग्लासात डिझेल घेऊन उजेडासमोर धरतो.